पान ओलं नव्हतं

आमच्या संस्थेत झाडांना पाणी घालणाऱ्या माणसाला कागदोपत्री 'काचघर परिचर' म्हणत. प्रत्यक्षात सगळे त्यांना झारीकाका म्हणायचे. गंमत अशी की झारी त्यांनी कधी हातातसुद्धा धरली नाही. आमच्या काचघरात झाडांना वरून पाणी घालायला सक्त मनाई. पानावर पाणी पडलं की शिंतोड्यांबरोबर एका रोपावरचे जंतू दुसऱ्या रोपावर जातात आणि प्रयोगाचा बट्ट्याबोळ होतो. म्हणून ट्रेच्या खाली पन्हळ असते, तीत पाणी सोडायचं आणि मुळांनी ते हवं तेवढं ओढून घ्यायचं. हा नियम दाराजवळ लाल अक्षरांत लिहिलेला होता आणि तो काकांनीच लिहिला होता, कारण त्यांचं अक्षर आम्हा सगळ्या डॉक्टरेटवाल्यांपेक्षा सुवाच्य. अधूनमधून कोणी नवा विद्यार्थी हौसेने झारी घेऊन यायचा, काका ती जप्त करायचे आणि आपल्या खोलीत खिळ्याला टांगायचे. तिथे पाच झाऱ्या टांगलेल्या होत्या, म्हणून ते झारीकाका.

त्यांतली एक झारी माझी. मी नवीन होते तेव्हा तीही हौसेने आणली होती. "पोरी," ते म्हणाले होते, "झाडाला अंघोळ नाही घालायची. प्यायला पाणी द्यायचंय."

बावीस वर्षांत ज्या माणसाने एकदाही वरून पाणी घातलं नाही, त्याने ते घातलं असं मी लिहिलं. शाईने, संस्थेच्या नोंदवहीत. आता ही गोष्ट सांगायचीच आहे तर आडपडदा न ठेवता सांगते, नाहीतर मी किती बिचारी आणि परिस्थिती किती वाईट, असं काहीतरी माझ्याच तोंडून निघायला लागेल. मला ते छान जमतं.

माझं काम पेशीच्या पडद्यातल्या नळ्यांवर आहे. कोणी विचारलं की मी आपलं 'झाडांचे रोग' एवढंच सांगते, कारण नळ्या म्हटलं की लोक मला त्यांच्या घरातला गळका नळ दाखवायला नेतात. तर, झाडाच्या प्रत्येक पेशीला बाहेरून भिंत असते आणि भिंतीच्या आत एक अतिशय पातळ पडदा. त्या पडद्यात प्रथिनांच्या बारीक नळ्या बसवलेल्या असतात. काहींतून पाणी ये-जा करतं, काहींतून कॅल्शियम. पानावर रोगाचा जंतू आला की पेशी पडद्याबाहेर हायड्रोजन पेरॉक्साइड नावाचं रसायन सोडते. पाण्याच्याच काही नळ्यांतून ते आत शिरतं आणि आतल्या सगळ्यांना उठवतं: भिंत जाड करा, पानाची रंध्रं मिटा, जंतूला मारक असं काहीतरी बनवा. माझी कल्पना साधी होती. या नळ्या वाढवल्या तर निरोप लवकर पोचेल, झाड वेळेत सावध होईल, आणि रोगाला पाय पसरायला जागाच मिळणार नाही. टोमॅटोचं असं एक वाण मी सहा वर्षं खपून तयार केलं. आमचे सर, म्हणजे विभागप्रमुख, त्याला 'तुझा बाब्या' म्हणायचे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण कोणीतरी शास्त्रज्ञांकडे बघूनच केली असणार.

शेवटचा प्रयोग आठ ट्रेंचा होता. प्रत्येक ट्रेमध्ये माझी बारा रोपं, सगळ्यांवर सारखाच जंतू फवारलेला. चौथ्या दिवशी सकाळी मी काचघरात गेले तेव्हा सहा ट्रे बघून मला अक्षरशः नाचावंसं वाटलं. पानं स्वच्छ, एखाद-दुसरा ठिपका सोडला तर रोगाचा मागमूस नाही. मग मी कोपऱ्याकडे वळले. तिथे हवेत दमटपणा राहावा म्हणून धुकं सोडणारं यंत्र आहे, त्याला लागून तीन आणि आठ नंबरचे ट्रे होते. त्या पानांवर गडद, काळपट हिरवे मोठमोठे डाग होते. तेलाचा हात लागलेला कागद दिसतो तसे. ओलीकच्च दिसत होती पानं.

"काका!" मी तिथूनच ओरडले. "हे काय करून ठेवलंत?"

ते आले. वाकून बघितलं. मग खिशातून पांढरा रुमाल काढला, एका पानाच्या दोन्ही बाजूंना लावून अलगद दाबला आणि माझ्यासमोर धरला.

"बघा ताई. कोरडा."

मी बघितला. कोरडा होता. मग त्यांनी रोपाच्या बुडाशी बोट घातलं, वरची माती चिमटीत घेऊन चुरली. ती भुरभुर खाली पडली.

"वरून पाणी पडलं असतं तर ही ओली नसती का? पान ओलं दिसतंय ताई, पण ओलं नाहीये. पाणी आत आहे."

ते सातवीपर्यंत शिकलेले. मी पेशीच्या आत-बाहेर पाणी कसं जातं या एकाच प्रश्नावर चौदा वर्षं घालवलेली. आणि मी त्यांना काय म्हणाले? म्हणाले, "आत कुठून येणार काका, काहीतरीच काय."

त्याचं कारण पाण्यात नव्हतं, तारखेत होतं. शोधनिबंध पाठवायला नऊ दिवस उरले होते. तो छापून आला तर माझी नेमणूक कायम होणार होती, नाहीतर दर वर्षाला अर्ज करत बसायचं, आणि तसं बसून माझं सहावं वर्ष संपत आलेलं. आठही ट्रे धरले तर निष्कर्ष निघत होता की माझं वाण कधी टिकतं, कधी टिकत नाही. असला निष्कर्ष कोणी छापत नाही. सहाच धरले तर मात्र सगळं लखलखीत. दोन ट्रे बाद करायला काहीतरी कारण हवं होतं, आणि ओलसर दिसणारी पानं समोर असताना कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. मी नोंदवही उघडली आणि लिहिलं: 'ट्रे ३ व ८: परिचराने वरून पाणी घातल्यामुळे बाद.' लिहायला अर्धं मिनिटही लागलं नसेल. मग दोन्ही ट्रे मी स्वतः उचलून भट्टीत टाकायला दिले. एरवी ते काम काकांचं.

खरं काय होतं ते मला तेव्हा माहीत नव्हतं, अशी मी दोन वर्षं स्वतःची समजूत घालत आले. पण खोटं काय होतं ते माहीत होतं. रुमाल मी बघितला होता.

आठवड्याने सरांनी बैठक घेतली. नोंदवहीतली ती ओळ त्यांच्या नजरेला पडली होती. "पाणी कोण घालतं?" त्यांनी विचारलं, जसं काही त्यांना ठाऊकच नव्हतं. काकांना बोलावलं. ते दाराशीच उभे राहिले, कारण आत आमच्या खुर्च्या आणि त्यात आम्ही.

"साहेब, मी वरून पाणी घातलेलं नाही," ते म्हणाले. "ताईंना विचारा. मी त्यांना दाखवलंय."

सर माझ्याकडे बघायला लागले. तोंड उघडायची ती वेळ होती. आणि उघडलंच मी. आजही ते वाक्य आठवलं की मला स्वतःची किळस येते, कारण ते मी अतिशय प्रेमळ आवाजात बोलले होते. मला वाटलं, हा माणूस खोटं बोलतोय असं म्हणण्यापेक्षा हे बरं. त्याची अब्रूही राहील आणि माझं कामही होईल.

"काका, होतं असं कधीकधी," मी म्हणाले. "वय झालं की हात आपोआप काहीतरी करून जातो आणि नंतर आठवत नाही. तुमचा काही दोष नाही त्यात."

ते माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. दुकानात हिशोब चुकला की आपण मनात पुन्हा बेरीज करतो, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर चाललं होतं. मग म्हणाले, "असेल ताई. तुम्ही म्हणता तर असेल."

सरांनी सुटकेचा निःश्वास सोडला. काकांची बदली पार्सलच्या खिडकीवर झाली. तिथे झाड नाही, पाणी नाही, येणाऱ्या खोक्यांची नोंद करायची. येता-जाता मला ते दिसायचे. एकच नोंद दोन-तीनदा तपासून बघत बसलेले असायचे, आणि मी फोन कानाला लावून घाईत असल्यासारखी पुढे जायचे. दहा महिन्यांनी त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती मागितली. निरोपसमारंभात भाषण मीच केलं. करून सवरून नामानिराळं राहणं कशाला म्हणतात ते शिकायचं असेल तर ते भाषण ऐकायला हवं होतं. काकूही आल्या होत्या. भाषण संपल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले होते.

निबंध छापून आला. नेमणूक कायम झाली. टोमॅटो पिकवणाऱ्यांच्या एका संघाने माझ्या वाणाचं बी पुढच्या हंगामासाठी मागितलं. मला झोप व्यवस्थित लागत होती, हेही सांगून टाकते. अपराधी माणसाला झोप लागत नाही वगैरे लोक म्हणतात, त्यांना अनुभव नसावा.

दीड महिन्यापूर्वी एका दुपारी जंतूबाईचा फोन आला. जंतूबाई म्हणजे शेजारच्या प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण, ती जंतूंच्या बाजूने काम करते आणि मी झाडांच्या, त्यामुळे आमचं जेवताना रोज भांडण. "जरा ये इकडे," ती म्हणाली. "तुझ्या बाब्याचं काहीतरी बिनसलंय."

तिने माझ्या वाणाची रोपं बंद काचेच्या पेट्यांत, भरपूर दमट हवेत ठेवली होती. पेट्यांना चार दिवस कोणी हातसुद्धा लावला नव्हता, वरून पाणी घालणं दूरच. आणि आत तीच पानं. काळपट हिरवी, ओलीकच्च.

"बघितलंस?" ती भयंकर खुशीत होती. "हा जंतू काय हुशार आहे माहितेय? आपलं एक प्रथिन पेशीच्या आत ढकलतो. ते प्रथिन जाऊन पडद्यात बसतं आणि स्वतःच नळी होतं. आयती नळी. त्यातून पेशीतलं पाणी बाहेर झिरपतं आणि पानाच्या आतल्या, हवेच्या मोकळ्या जागांत साठतं. म्हणजे याला पोहायला तळं. कोरड्या हवेत ते पाणी रंध्रांतून उडून जातं, म्हणून काही दिसत नाही. दमट हवा असली की साठून राहतं. आणि तुझ्या बाब्याला तू आधीच नळ्या वाढवून दिल्यास, त्यामुळे त्याचं पान साध्या टोमॅटोच्या दुप्पट वेगाने भरतंय. चोरासाठी दारं वाढवून ठेवलीस तू." मग जरा थांबून म्हणाली, "वरून पाणी ओतल्यासारखं दिसतं ना? पण हात लावून बघ, कोरडं आहे."

मी हात लावला नाही. पाणी आत आहे, हे वाक्य मला दोन वर्षांपूर्वी एका माणसाने अगदी फुकट देऊ केलं होतं. तेव्हा घेतलं असतं तर जंतूबाईचा शोध माझा असता, हा विचार आधी आला, आणि काकांचा नंतर. मी कोण आहे ते त्या क्रमावरून मला कळलं.

"तुला तुझ्या प्रयोगांत हे कधी दिसलं नव्हतं?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणाले.

इतकं सराईतपणे निघालं ते 'नाही' की माझी मलाच भीती वाटली. तीन दिवस मी ते घेऊन हिंडले. घरात कोणी नळ सोडला तरी दचकायचे. चौथ्या दिवशी सकाळी जंतूबाईला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "आधी पत्रं लिही. रड नंतर." म्हणून मी त्याच सकाळी दोन पत्रं पाठवली. एक नियतकालिकाला, की निबंध मागे घेत आहे आणि का. दुसरं त्या संघाला, की बी पेरू नका. मग सरांकडे गेले.

सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठातले दोन ट्रे," ते म्हणाले. "पुढच्या निबंधात 'दमट हवेत मर्यादा आढळतात' अशी एक ओळ टाकू. झाकली मूठ सव्वा लाखाची. कशाला उघडतेस?"

"आणि झारीकाका?"

"अगं, ते केव्हाच घरी गेले. आरामात असतील. आता हे उकरून त्यांना तरी काय मिळणार आहे?"

"पत्रं गेली सर, सकाळीच."

त्यांचा चेहरा उतरला. "मग मला विचारायला कशाला आलीस?"

"विचारायला नाही आले. सांगायला आले."

त्यांनी चष्मा उचलून पुन्हा डोळ्यांवर चढवला. "त्या नोंदवहीवर खाली माझीही सही आहे," शेवटी म्हणाले, इतक्या हळू आवाजात की मला त्यांची दयाच आली. त्यांनीही त्या दिवशी एकच प्रश्न आणखी विचारला असता तर बरं झालं असतं, पण तो न विचारल्याचं खापर मी त्यांच्यावर फोडायचं, म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी काकांच्या घरी निघाले. वाटेत भाषण पाठ केलं, मला सवयच आहे. मनातल्या मनात मी त्यांचा राग सोसला, शिव्या खाल्ल्या, कदाचित दाराबाहेर उभी राहिले. शेवटी त्यांचं नाव निष्कलंक होत होतं आणि संस्थेत त्यांना सन्मानाने बोलावणं जात होतं. खरं सांगते, त्या कल्पनेत मला थोडं बरंही वाटत होतं. जे गेलं ते त्यांचं नाव गेलं आणि मी ते परत घेऊन चाललेय, असा माझा समज होता.

तिसऱ्या मजल्यावर घर. बेल वाजवल्यावर आतून दोन कड्या निघाल्याचा आवाज आला, मग दार किलकिलं झालं.

"भाषणवाल्या ताई ना तुम्ही?" काकूंचा चेहरा उजळला. "या की. अहो, बघा कोण आलंय!"

काका आतल्या खोलीतून आले. दोन वर्षांत माणूस दहा वर्षांनी वाकला होता. शर्टाच्या खिशाला सेफ्टी पिनने एक कार्ड टाचलेलं होतं, त्यावर नाव, पत्ता आणि काकूंचा फोन नंबर, त्याच सुवाच्य अक्षरात. मी बसले आणि खोलीकडे बघितलं. दिव्याच्या बटणांशेजारी चिठ्ठी: 'बंद केला का?' स्वयंपाकघराच्या चौकटीवर चिठ्ठी: 'शेगडी बघितली का? पुन्हा बघ.' बाहेरच्या दाराच्या आतल्या बाजूला: 'एकट्याने जायचं नाही.' गॅलरीत रिकाम्या कुंड्या एकात एक घालून उलट्या ठेवल्या होत्या.

"झाडं नाही ठेवलीत?" मी विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"नको," काका म्हणाले. "पाणी घातलंय असं वाटून घालायचो नाही, आणि नाही घातलं असं वाटून दोनदा घालायचो. जीव असतो हो त्यांना. देऊन टाकली."

"तसं काही नव्हतं होत," काकू मध्येच म्हणाल्या. "यांनाच वाटायचं. मोठ्या डॉक्टरांना दाखवलं ना आम्ही. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावलं, सगळं बरोबर. डॉक्टर म्हणाले, आजोबा, तुमची आठवण माझ्यापेक्षा चांगली आहे. पण यांना पटेल तर ना."

"डॉक्टरांना काचघरातलं काय माहीत?" काका म्हणाले. ते अगदी शांतपणे, एखादी जुनी वस्तुस्थिती सांगावी तसं बोलत होते. "मला स्वच्छ आठवतं की मी पाणी घातलं नाही. ताईंना रुमाल दाखवला, तोही आठवतो. आणि तसं काही घडलंच नव्हतं. ताईंनी स्वतः वहीत लिहिलंय, त्या कशाला खोटं लिहितील? म्हणजे जे घडलं नाही ते मला आठवतं. हे नुसतं विसरण्यापेक्षा वाईट. मग मी म्हटलं, आपण खिडकीवर पार्सलं तरी बरोबर लिहितोय कशावरून? त्यापेक्षा घरी बसलेलं बरं, कुणाचं नुकसान तरी नको."

माझं पाठ केलेलं भाषण त्या क्षणी कुठल्या कुठे गेलं. मी या माणसाचं नुसतं नाव हिरावलं नव्हतं. मी त्याच्या डोक्यात हात घालून त्याचा स्वतःवरचा भरवसा काढून घेतला होता, आणि तोही लाडीगोडीने.

"काका," मी म्हणाले, "तुम्ही पाणी घातलं नव्हतं."

मी तशीच पुढे बोलत राहिले.

"रुमाल तुम्ही दाखवला होता. मी बघितला होता. कोरडा होता. वरची मातीही कोरडी होती. मला तेव्हाच कळलं होतं की वरून पाणी पडलेलं नाही. तरी मी लिहिलं, कारण मला ते दोन ट्रे नको होते. आणि बैठकीत वयाचं बोलले तेही मुद्दाम बोलले. तुम्हाला जे आठवतं ते सगळं तसंच्या तसं घडलंय."

काकू उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या हातात पाण्याचा पेला होता, माझ्यासाठी आणलेला. तो त्यांनी मला दिला नाही, टेबलावर ठेवला.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "दोन वर्षं मी यांच्या मागे मागे फिरतेय. दूध आणायला सोडलं नाही एकट्याला. हे रडायचे, अगं मी खरंच नाही घातलं पाणी, आणि मी म्हणायचे, हो हो, असू दे, आता झोपा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मलाही त्यात घेतलंत."

मी म्हटलं, "हो." दुसरं काय म्हणणार? माफ करा हा शब्द तोंडापर्यंत आला होता, पण माफी मागायची कशासाठी, माझ्या सोयीसाठीच ना, असं वाटून मी तो गिळला.

काकांनी स्वतःच्या हातांकडे बघितलं. मग त्यांनी विचारलं, "पाणी आत होतं?"

"आत होतं. तुम्ही म्हणालात तसंच. जंतूने पेशीच्या पडद्यात नळी बसवली होती, तिच्यातून पाणी पानाच्या पोकळीत येत होतं."

"दोन्ही ट्रेमध्ये?"

"दोन्ही."

त्यांनी मान हलवली. कामातला माणूस कामाचं ऐकतो तशी. मला वाटलं आता ते रागावतील, आणि मी जीव मुठीत धरून त्याचीच वाट बघत होते. ते उठले, कपाटातून एक कोरा कागद आणि पेन घेऊन आले आणि माझ्यासमोर ठेवलं.

"लिहून द्या ताई."

"काका, मी नियतकालिकाला कळवलंय. सगळीकडे छापून येईल. संस्थेलाही पत्र—"

"ते तुमचं. त्यांना काय सांगायचं ते सांगा. मला इथे लिहून द्या." त्यांनी पेनाचं टोपण काढून दिलं. "तुम्ही आता जाल. उद्या सकाळी मी उठेन आणि मला आठवेल की ताई आल्या होत्या, म्हणाल्या, तुम्ही पाणी घातलं नव्हतं. आणि मला वाटेल, हेही आपल्या मनानेच रचलं."

मी पेन उचललं. लिहायला मला बराच वेळ लागला. दोनदा खोडलं, कारण पहिल्या दोन्ही वेळा वाक्याच्या सुरुवातीला मीच येत होते, माझी अडचण, माझी परिस्थिती. शेवटी चार ओळी झाल्या. खाली सही केली, त्यांनी सांगितलं म्हणून तारीख आणि वेळही घातली.

त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेऊन वाचला. एकदा, दोनदा. मग काकूंकडे दिला.

"मोठ्याने वाच," ते म्हणाले. "मला जे दिसतंय तेच लिहिलंय का, बघ."

काकूंनी वाचलं. काकांनी पुन्हा वाचायला सांगितलं.